ताऱ्यांवरचं कव्हर

अमिताने आबांचा निळा कोट उलटा करून घडी घातली, छातीवरची पदकं वाजू नयेत म्हणून मध्ये ऋतिकाचं एक दुपटं सारलं, आणि ते गाठोडं भाताच्या कणगीत कोपरापर्यंत हात घालून खाली दाबलं. वरून भात सारखं केलं. हाताला कुसं चिकटली होती, ती तिने गाऊनला पुसली.

अंबूबाई चुलीपुढून बघत होत्या.

"काय लपवतेस गो?"

"काही नाही, आई."

"कोट ना? लपव, लपव. पण त्यांचं तोंड कुठल्या कणगीत घालशील?"

झोळीतली ऋतिका चुळबुळली, म्हणून अमिताने दोरीला एक हलका झोका दिला. सासूच्या ह्या प्रश्नाचं उत्तर ती तीन दिवस शोधत होती.

तीन दिवसांपूर्वी दिल्लीतल्या कुठल्याशा सभागृहात निवृत्त लेफ्टनंट जनरल चंडोक माइकसमोर उभे राहून म्हणाले होते की, राज्य करणाऱ्यांना फौज लागते ती फोटोपुरती. आणि त्यांनी एक जुना पूर सांगितला. सोळा-सतरा वर्षांपूर्वी तिकडे उत्तरेत एक नदी गावात शिरली होती. फौजेच्या होड्या काठावर तयार होत्या, आणि वरून निरोप आला की मंत्री येऊन हिरवा झेंडा दाखवतील, तोवर होड्या सोडायच्या नाहीत. पाच तास त्या काठाला बांधून होत्या. समोर शाळेच्या छपरावर माणसं उभी होती. मंत्री आले, झेंडा दाखवला, होड्या सुटल्या. तोवर छपरावरची काही माणसं राहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी टीव्हीवर एका प्रवक्त्याने विचारलं, मग तेव्हा जनरलसाहेब का गप्प होते? बढत्या घेतल्या, पेन्शन लागली, आणि आता कंठ फुटला? चंडोकसाहेब त्याच कार्यक्रमात फोनवर होते. चढ्या आवाजात म्हणाले, "मैंने उसी दिन, उसी वक्त कहा था. मेरा ड्राइवर गवाह है. हवालदार भागोजी उतेकर. पूछ लीजिए उससे."

भागोजी उतेकर म्हणजे आबा, अमिताचे सासरे. पोलादपूरच्या वर डोंगरात बावीस घरांची ही वाडी, पाच म्हशी, नऊ शेळ्या आणि दोन खाचरं भाताची, एवढाच त्यांचा आताचा मुलूख. पण पाच वर्षं त्यांनी चंडोकसाहेबांची गाडी चालवली होती, आणि तो पूर वाडीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ होता. भैरीच्या देवळासमोर पारावर बसून आबांनी तो शंभरदा सांगितला होता. निरोप येतो. साहेब फोन आपटतात. आणि म्हणतात, "भागोजी, मंत्री को फोटो चाहिए, मेरे को आदमी चाहिए." इथे आबा थांबत, आणि पुढची शिवी ऐकणारेच एका सुरात देत.

पारावर ते ठीक होतं. पण अमिताचा नवरा, जितेश, अजून फौजेत होता. नाईक. काल संध्याकाळी त्याचा फोन आला तो नेहमीसारखा 'ऋतिका काय करते' असा नव्हता.

"सुभेदार साहेबांनी बोलावलं होतं. म्हणाले, भागोजी उतेकर तुझा कोण? म्हटलं, वडील. ते 'हं' म्हणाले."

"मग?"

"मग काही नाही. 'हं.' अमिता, तुला नाही कळायचं ते 'हं' काय असतं. पुण्याच्या बदलीची लिस्ट सोमवारी निघते. माझं नाव वर आहे. आबांना म्हणावं, एक शब्द नको. हो नको आणि नाही पण नको."

"तुम्हीच सांगा ना त्यांना."

"मी सांगितलं तर दोन शब्द जास्त बोलतील. माहीत आहे ना तुला."

तिला माहीत होतं. सव्वीस जानेवारीला शाळेत आबांना पाच मिनिटं दिली होती, त्यांनी चाळीस घेतली. कोट अंगावर चढला की आबा बोलतात, हा घरचा अनुभव होता. आणि आज चॅनलवाले येणार होते, म्हणून कणगी.

पुणे म्हणजे फॅमिली क्वार्टर. ऋतिका बावीस दिवसांची असताना जितेश परत गेला होता, आणि आता ती सात महिन्यांची होऊन गुडघ्यांवर डोलत होती. बापाला ती ओळखायची ती मोबाइलएवढ्या तोंडाचा माणूस म्हणून. अमिताने त्या न पाहिलेल्या क्वार्टरमध्ये झोळी कुठल्या हुकाला बांधायची तेसुद्धा ठरवून ठेवलं होतं. कोणाला सांगितलं नव्हतं.

आबा दाढी करून मागच्या दारातून आत आले. गालाला कानाखाली साबण राहिला होता.

"अमिता, शर्ट दे गो."

"आबा, कोट..." तिने सुरुवात केली. तो धुवायला टाकलाय, असं सांगायचं तिने ठरवलं होतं.

"कोट नको. साधा पांढरा शर्ट दे. लांब बाहीचा."

अंबूबाईंनी फुंकणी खाली ठेवली आणि सुनेकडे बघितलं. अमिताने शर्ट काढून दिला. आबांनी तो घातला, गळ्याचं बटणसुद्धा लावलं, आणि घरापुढच्या खळ्यात जाऊन खुर्चीवर बसले. हात गुडघ्यांवर. जणू कोणीतरी त्यांना तिथे पार्क करून गेलं होतं.

पाहुणे साडेदहाला आले. गाडी खालच्या गावापर्यंतच येते, पुढचा डोंगर पायी. सगळ्यात पुढे मुदस्सर होता. महाडचा मुलगा, मोबाइलवर स्वतःचं बातम्यांचं चॅनल चालवायचा. त्याच्या वडिलांचा, हारूनशेठांचा, ट्रक आबांनी पेन्शनीनंतर आठ वर्षं चालवला होता, त्यामुळे तो ह्या घरात नवा नव्हता. त्याच्या मागे खांद्यावर कॅमेरा घेतलेला एक माणूस, आणि त्याच्या मागे मुंबईच्या मोठ्या चॅनलची बाई, सरिता. अमिताच्याच वयाची. तिला धाप लागली होती आणि बूट शेणाने भरले होते.

"हारूनशेठांचा गुडघा कसा हाय?" अंबूबाईंनी विचारलं.

"नमाजला खुर्ची लागते आता, आजी." मुदस्सर पडवीच्या खांबाला टेकला आणि हळूच अमिताला म्हणाला, "वहिनी, माझ्यावर रागवू नका. मी नसतं आणलं तर ह्यांनी दुसऱ्या कुणाला धरलं असतं. निदान मी मध्ये असेन."

"आबांच्या पोराची नोकरी आहे," अमिता म्हणाली.

"मला माहीत आहे. म्हणून तर रात्रभर जागा आहे."

सरिता पाणी प्यायली. ऋतिकाकडे बघून हसली. "माझा दोन वर्षांचा आहे. आईकडे टाकून आलेय," ती म्हणाली, आणि क्षणभर तिच्या चेहऱ्यावरची घाई गेली. मग कॅमेरावाल्याने मान हलवली आणि ती परत आली.

वाडीतली माणसं एव्हाना खळ्याच्या दगडी गडग्यावर बसली होती. पुढे सोमा, शेजारचा, आबांच्याच वयाचा. पारावरचा सगळ्यात जुना श्रोता.

"भागोजीकाका," सरिताने माइक पुढे केला, "त्या दिवशी गाडीत तुम्ही आणि जनरल चंडोक, दोघंच होता?"

"तवा ब्रिगेडियर होते."

"हो. पण दोघंच होता?"

"दोघंच."

"मंत्री येईपर्यंत होड्या सोडू नका, असा निरोप आला. तेव्हा चंडोकसाहेब काय म्हणाले?"

अमिताने ऋतिकाला इतकं घट्ट धरलं की पोर कुरकुरली. तिने हात सैल केला आणि तिच्या टाळूवर ओठ ठेवले. नारळाच्या तेलाचा वास आला. बोलू नका, ती मनात म्हणत होती, नाहीतर पटकन काय ते बोलून टाका.

"मी सांगतो की," गडग्यावरून सोमा उठला. "मंत्री को फोटो..."

"सोमा भावजी," अंबूबाई पडवीतून म्हणाल्या, "तुमी काय डिकीत बसला व्हता?"

गडग्यावरची माणसं हसली. सोमा खाली बसला. कॅमेऱ्याचं तोंड जे त्याच्याकडे वळायला लागलं होतं, ते पुन्हा आबांवर आलं.

"वाडीत सगळे म्हणतात, काका, तुम्ही हा किस्सा नेहमी सांगता."

"पारावर सांगतो. पारावर कोण सही घेत नाय."

"मग आज मला सांगा."

आबांनी गुडघ्यावरचा एक हात उचलला आणि शर्टाचं गळ्याचं बटण चाचपलं.

"बाय, तू फौजेतल्या मोठ्या साहेबाची गाडी बघितलीस कधी? पुढं पाटी असते. लाल. तिच्यावर तारे. ब्रिगेडियरला एक."

"हो, पण..."

"ऐक. साहेब गाडीत असले, तरच तो तारा दिसायचा. साहेब उतरले, की ड्रायवरचं पयलं काम काय? पाटीवर काळं कव्हर घालायचं. डिझेल भरायला गेला, कव्हर. मेमसाबची भाजी आणायला गेला, कव्हर. तारा उघडा ठेवून रिकामी गाडी फिरवली तर सजा हाय. का म्हायतीय? वाटेतला शिपाई त्या ताऱ्याला सलाम ठोकतो. साहेब आत नाय, आणि सलाम कोण घ्यायचा? ड्रायवर?"

"काका, माझा प्रश्न वेगळा..."

"त्याचंच सांगतोय. साहेब आता हितं नायत. मी एकटा हाय. त्यांच्या ताऱ्यावर मी कव्हर घातलंय. ते हितं येऊन माझ्या बाजूला बसू दे, मग इचार."

सरिता थांबली. ती हुशार होती. तिने माइक हलवला नाही.

"म्हणजे ते तेव्हा काही बोलले नव्हते, असं समजायचं?"

"मी असं बोललो?"

"मग बोलले होते?"

"असं तरी बोललो?"

मुदस्सर खाली मान घालून बुटाच्या नाडीशी काहीतरी करायला लागला. सरिताने आणखी दोन बाजूंनी विचारून पाहिलं. आबांनी दोन्ही वेळा शांतपणे तिला गाडीशी आणून सोडलं. शेवटी तिने श्वास सोडला.

अंबूबाई चहाचं ताट घेऊन खळ्यात उतरल्या. पहिला कप सरिताच्या हातात दिला.

"बाय, एक इचारू?"

"विचारा ना, आजी."

"आमचा माणूस गवाह म्हणून तुमी एवढा डोंगर चढून आलाव. चांगलं केलंत. पण तो झेंडा दाखवणारा मंत्री, त्याच्या दारापर्यंत तर डांबरी असंल. त्याला का नाय इचारलंत?"

सरिताने कप ओठापाशी नेला होता, तो तसाच राहिला.

"ते... ते आता मंत्री नाहीत, आजी."

"मग तर घरीच असंल."

कॅमेरावाला खांदा हलवत हसला. "हे कॅमेऱ्यात आलं," तो म्हणाला. "पूर्ण आलं."

अमिताला सुभेदारांचं ते 'हं' आठवलं, आणि मग लगेच हेही आठवलं की आई कुठल्याच पलटणीत नव्हत्या. आईंना सुभेदार नव्हता, लिस्ट नव्हती, बदली नव्हती. त्यांना मत होतं आणि तोंड होतं. तिला एकदम भूक लागली. सकाळपासून तिने काही खाल्लं नव्हतं.

पाहुणे उतरायला लागले. मुदस्सर मागे रेंगाळला, आबांच्या पाया पडल्यासारखं वाकला. आबांनी त्याच्या पाठीत एक धपका घातला.

"बापाला सांग, ट्रकचा ब्रेक बघून घे. उतरताना वास येत व्हता मागच्या बाजाराला."

"सांगतो, आबा," मुदस्सर म्हणाला, आणि उड्या मारत उतरला.

दुपारी अंबूबाई शेळ्या घेऊन गेल्या. ऋतिका निजली. अमिता पाण्याचा तांब्या घेऊन खळ्याच्या मागे गेली, तिथे आबा पेंढ्याचे भारे बांधून उडवीवर लावत होते. पांढरा शर्ट काढून कुंपणावर टाकलेला. बनियनवर पेंढ्याची धूळ.

"आबा, बरं झालं," ती म्हणाली. "सुटलो. तुमच्या ओठांवर आलं असेल ना, तरी तुम्ही ह्यांच्यासाठी गिळलंत. मी ह्यांना सांगणार आहे."

आबा तांब्या वर धरून पाणी प्यायले. उरलेलं पायावर ओतलं.

"जितेशसाठी नाय गो."

तिने रिकामा तांब्या परत घेतला.

"साहेब काय बोललेच नायत," आबा म्हणाले.

"आज?"

"तवा."

वर झाडीत कुठेतरी होला घुमत होता. आबांनी नवा भारा पुढ्यात घेतला, पण बांधला नाही.

"निरोप आला. त्यांनी ऐकला. 'यस सर' म्हणाले, फोन ठेवला. मग काच खाली केली आणि हात भायेर काढला. पावसात. पाच तास तो हात भायेर व्हता. बाही भिजून पार कोपरापर्यंत. समोर शाळा दिसत व्हती. शिव्या मी दिल्या, अमिता. मी. फोटो मी म्हणालो. साहेब एवढंच म्हणाले, 'भागोजी, सामने देखो.'"

"मेरे को आदमी चाहिए," अमिता हळू म्हणाली.

"माझीच हिंदी ती. साहेब असं बोलतील? इंग्रजी शाळेतला माणूस."

ती पेंढ्यावर बसली. तीन वर्षं ती ही गोष्ट ऐकत होती, लग्न होऊन आली त्या आठवड्यापासून. आणि 'मेरे को' तिला कधी ऐकू आलं नव्हतं.

"मग सगळ्यांना तसं का सांगितलंत?"

"पलटणीत पोरं बोलायला लागली. साहेब घाबरला, साहेबाला बढती पाह्यजे व्हती. लंगरात, बाथरूमला, सगळीकडं तेच. मी त्यांचा हात बघितलेला. मला ते सोसंना. एकदा बोलून गेलो, साहेबांनी गाडीत काय शिवी घातली तुमाला काय ठाव. पोरं गप झाली. मग ते पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. मग पारावर आलं."

"आणि साहेबांना ते कुठून कळलं?"

आबांनी मान खाली घातली. लाजल्यासारखं हसले. त्या वयाचा माणूस असा लाजताना तिने पाहिला नव्हता.

"दिवाळीला त्यांचा फोन येतो ना. पयल्या वर्षी मीच म्हणालो, 'साब, आपने उस दिन बराबर बोला था.' ते गप्प राहिले. दुसऱ्या वर्षी पुन्हा म्हणालो, ते हसले. चौथ्या वर्षी तेच मला सांगायला लागले."

खाली पोलादपूरच्या बाजूने घाटात चढणाऱ्या एसटीचा आवाज आला, वळणावर गेला, पुन्हा आला.

"म्हणजे टीव्हीवर ते खोटं बोलले नाहीत," ती म्हणाली.

"त्यांना तसंच आठवतं."

"आणि खरंच बोलले असते तर? तेव्हाच? फोनवर, 'थांबणार नाही, होड्या सोडतो,' असं?"

आबांनी भाऱ्याभोवती पेंढ्याचाच पीळ फिरवला, गुडघ्याने दाबला. गाठ मारली.

"हा साहेब चांगला हाय. मंत्र्याला नाय म्हणाला असता तर तुला मला बरं वाटलं असतं. पण उद्या दुसरा साहेब यील, तो चांगला नसंल. तोबी मंत्र्याला नाय म्हणंल. मग तिसरा म्हणंल, मंत्री कशाला पाह्यजे, मीच बसतो. बंदूक त्यांच्याकडंच असते ना गो. म्हणून वर्दीत असताना सामने देखो."

"आणि छपरावरची माणसं?"

आबांनी नुकती मारलेली गाठ पुन्हा सोडली. भारा पुन्हा सारखा केला, पुन्हा बांधला. त्याची काही गरज नव्हती. गाठ चांगली बसली होती. अमिताने पुन्हा विचारलं नाही. तिने उठून दुसरा भारा उचलून त्यांच्या हातात दिला, मग तिसरा, आणि ऋतिकाचं रडणं ऐकू येईपर्यंत दोघं तेच करत राहिली.

जितेशचा फोन साडेपाचला आला. वाडीत रेंज फक्त खळ्याच्या कडेला, काजूच्या झाडापाशी यायची, म्हणून फोन तिथल्याच फांदीला लटकवलेला असे. अमिता पळतच गेली.

"आईला बघितलं," तो म्हणाला. मागे खूप माणसांचा गलका होता. "दुपारपासून तेवढंच दाखवतायत. 'मग तर घरीच असंल.' मेसमध्ये कोणी जेवत नव्हतं, नुसते हसत होते. मराठी न कळणारे सुद्धा. मला सगळ्यांना अर्थ सांगावा लागला."

"आणि आबा?"

"आबा नाहीतच. एक सेकंद खुर्चीवर दिसतात. काय बोलले ते?"

अमिताने मागे वळून पाहिलं. आबा ऋतिकाला मांडीवर घेऊन पडवीच्या पायरीवर बसले होते.

"काही नाही," ती म्हणाली. "गाडीबद्दल बोलले."

"देवा." तो इतका मोठा श्वास सोडून हसला की फोन खरखरला. "सुभेदार साहेब जाता जाता म्हणाले, 'उतेकर, अपनी माँ को पलटन में भरती करवा दो.' आणि मग दारातून मागे वळले. म्हणाले, सामान कमी ठेव, पुण्याला क्वार्टर लहान असतात."

अमिताने काजूच्या बुंध्याला पाठ टेकली.

"ऐकतेयस ना?"

"हो."

"रडतेस काय?"

"नाही. धूर आहे इथे," ती म्हणाली. धूर नव्हता.

फोन ठेवून ती दोन पावलं चालली असेल तोच तो पुन्हा वाजला. अनोळखी नंबर. तिने घेतला, पलीकडचा आवाज ऐकला आणि घाईने पडवीकडे हात केला. आबा ऋतिकाला कडेवर घेऊन आले. त्यांना डाव्या कानाने कमी ऐकू यायचं, म्हणून तिने फोन स्पीकरवर लावून त्यांच्यापुढे धरला.

"भागोजी."

आबांच्या टाचा एकमेकींना लागल्या. ऋतिकासकट.

"जय हिंद, साब."

"देखा मैंने. किसी लड़के ने पूरा वीडियो डाला है, महाड का. कवर वाली बात." आवाज म्हातारा होता, टीव्हीवर वाटला होता त्याहून. "अच्छा किया."

"जी साब."

तिकडे कुठेतरी कुत्रा भुंकला, कोणीतरी दार लावलं. अमिताला वाटलं आपण इथून जायला हवं. पण फोन तिच्या हातात होता.

"भागोजी, दो रात से सोया नहीं. एक बात पूछूँ? वो जो मैंने टीवी पे कहा... वो उस दिन मैंने कहा था, या तुमने?"

आबांनी खाली दरीकडे पाहिलं. हायवेवर गाड्यांचे दिवे लागायला सुरुवात झाली होती. एक ट्रक दुसऱ्याला वाट देत होता. ऋतिकाने त्यांच्या शर्टाचं बटण धरून ओढलं, त्यांनी तिची मूठ आपल्या मुठीत घेतली.

"गाड़ी तो एक ही थी, साब," ते म्हणाले.

पलीकडे नुसता श्वास ऐकू आला. एक, दोन, तीन.

"हाँ," साहेब म्हणाले. मग थोड्या वेळाने पुन्हा, "हाँ." आणि अमिताला ऐकू आलं की त्या माणसाने खुर्चीत कुठेतरी मागे पाठ टेकली. लाकूड करकरलं. घसा साफ करून, अगदी वेगळ्या आवाजात, त्यांनी विचारलं, "घर में सब ठीक?"

"सब ठीक, साब. पोती को दाँत आया आज. नीचे का, सामनेवाला."

अमिताने आबांकडे पाहिलं. मग फोन दुसऱ्या हातात घेतला, आणि करंगळी गाऊनला पुसून ऋतिकाच्या ओठांमधून हलकेच आत घातली. हिरडीवरून बोट फिरवलं. खाली, पुढे, तांदळाच्या कणीएवढं काहीतरी टोकदार. होता.